त्या हिवाळ्यातली इटालियन क्रियापदं

मांद्र्यात सगळ्यांना वाटतं की मला इटालियन येतं. खरं सांगायचं तर त्या भाषेत मला साधी काकडी मागता येणार नाही. पण कुणाचा बेत कसा उधळला, कुणाचं मन कसं ढवळून निघालं, हे मी पाच-सहा तऱ्हांनी सांगू शकते. यात माझा दोष नाही. मला शिकवणारी इटालियन बाई निवृत्त शाळामास्तरीण होती आणि डोळ्यांसमोर घडेल तेवढंच शिकवायचं, असा तिचा हट्ट होता. त्या हिवाळ्यात आमच्या घरात दुसरं काही घडलंच नाही.

गोवा घटक राज्य व्हायच्या आदला तो हिवाळा. राजभाषा कोणती, यावरून रान पेटलं होतं. आज बंद, उद्या रस्त्यावर आडवी टाकलेली झाडं. आमची बाहेरची खोली त्या बाईने तीन महिन्यांसाठी घेतली होती आणि घरात माझ्या लग्नाची तयारी चालली होती. स्वयंपाकघराच्या दारात येऊन ती रोज विचारायची, "दिस्तुर्बो?" म्हणजे, त्रास देतेय का? ते माझं पहिलं क्रियापद, दिस्तुर्बारे. दूध नासलं तेव्हा ग्वास्तारे शिकले. बस न आल्यामुळे तिचा म्हापशाचा बेत फिसकटला, तेव्हा स्कोम्बुस्सोलारे. हा शब्द उच्चारतानाच सगळं सामान खाली पडल्यासारखं वाटतं, आणि तो शिकताना आम्ही दोघी खूप हसलो. शेवटचं स्कोन्वोल्जेरे. माणूस आतून उलटापालटा होतो तेव्हाचं. ते रोज वापरायचं नाही, असं तिने बजावलं होतं.

बदल्यात मी तिला मराठी शिकवत होते. पहिलं वाक्य शिकवलं, "ह्याचं नाव काय?" ते घेऊन ती घरभर हिंडायची. आदोळीचं, म्हणजे विळीचं, नाव काय, तुळशीवृंदावनाचं नाव काय. आई विळीवरून न उठता उत्तरं द्यायची. तिला ही बाई आवडत असे.

एका संध्याकाळी लाटंबार्श्याहून मामा आला. आईचा एकुलता एक भाऊ. शेती आणि काजूची बाग सांभाळणारा, पण कोंकणीच्या सभांना आवर्जून जाणारा. बाबा मराठी शाळेतले शिक्षक, मराठीच्या बाजूने हिरिरीने बोलणारे. दोघे एकमेकांना चांगले ओळखून होते, म्हणून आमच्या ओसरीवर तो विषय निघत नसे. त्या दिवशीही नारळ किती लागतील, मांडव कोण घालणार, असंच बोलणं घरच्या भाषेत चाललं होतं. बाई कोपऱ्यात बसून ऐकत होती. मध्येच तिने आधी बाबांच्या आणि मग मामाच्या तोंडाकडे बोट दाखवून कौतुकाने विचारलं, "ह्याचं नाव काय?"

"मराठी," बाबा म्हणाले.

"कोंकणी," मामा म्हणाला.

मला हसू आलं. पण ते लगेच विरलं.

"घरांत उलयतात ती बोली. भास मराठीच," बाबा म्हणाले.

"बोली कित्याक? आमची भासच ती," मामा म्हणाला.

पुढचं सगळं भांडण दोघांनी त्याच भाषेत केलं. ज्या शब्दांत आयुष्यभर एकमेकांची विचारपूस केली, त्याच शब्दांत एकमेकांचा बाप काढला. शेवटी बाबा म्हणाले, "लग्नाक तुजी गरज ना." मामा चहा तसाच ठेवून निघून गेला. आईने तो कप उचलला, आत नेला आणि बराच वेळ विसळत राहिली. बाई दारात येऊन उभी राहिली. त्या दिवशी तिने "दिस्तुर्बो?" असं विचारलंही नाही. "ओ ग्वास्तातो तुत्तो," एवढंच म्हणाली. सगळं मी बिघडवलं. तिचं खोटं नव्हतं, पण तिच्यावर रागावणंही मला जमेना.

आमच्याकडे लग्नाची पहिली अक्षत देवाला आणि दुसरी मामाला. बाबांनी सगळ्या गावाला अक्षत दिली, लाटंबार्श्याला गेले नाहीत. आणि अक्षत आल्याशिवाय सख्खा मामासुद्धा लग्नघरी पाऊल टाकत नाही. मला बोहल्यावर कोण नेणार? बाबांनी एका दूरच्या मामाची सोय केली. मी आईपाशी रडले. पण आईने बाबांपुढे कधी तोंड उघडल्याचं मला आठवत नाही, म्हणून मी आशाच सोडली.

लग्नाच्या दिवशी मुहूर्त दुपारचा होता. नवऱ्याकडची माणसं आली, भटजी कन्यादानासाठी आईबाबांना हाका मारू लागले. आई मागच्या पडवीत घरच्या जुन्या लुगड्यात बसली होती. शालू घडी घालून शेजारी ठेवलेला.

बाबा तिला उठवायला आले.

"माजो भाव येयसर हांव हांगासून उठची ना," ती म्हणाली. भाऊ येईपर्यंत उठणार नाही, एवढंच. आवाज चढवला नाही, वर पाहिलंही नाही.

बाबा समजावू लागले, मग चिडले, मग नवऱ्याकडच्यांचं नाव घेऊन गयावया करू लागले. ती जमिनीकडे बघत राहिली. मी मुंडावळ्या बांधून उभी होते. मला आईची भीती वाटली. मग तिचा इतका अभिमान वाटला की लग्न मोडलं असतं तरी मला चाललं असतं.

बाबांनी तबकातल्या अक्षता मुठीत घेतल्या आणि पायलटच्या, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर बसून निघाले. चोपड्याला फेरीबोट धरायची, नदी ओलांडून म्हापसा, डिचोली, तिथून लाटंबार्से. मुहूर्त टळणार हे उघड होतं. पण थोड्याच वेळात ते परत आले. मला वाटलं, अर्ध्यातून फिरले. पण मागच्या मोटारसायकलवरून मामा उतरला. कोरं धोतर, कोट, हातात माझ्यासाठी आणलेली साडी. सकाळच्या फेरीने तो चोपड्याला उतरला होता आणि तिथंच धक्क्यावर बसून राहिला होता. अक्षतीशिवाय त्याच्याने पुढे येववेना, आणि परतही जाववेना. बाबा त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि मूठ उघडली. मामाने हात पुढे केला. हे पायलटने नंतर सांगितलं.

आई उठली, शालू नेसली. मामाने मला बोहल्यावर नेलं.

शेवटच्या पंगतीला बाबा आणि मामा शेजारी बसले, कारण दुसरीकडे जागाच उरली नव्हती. दोघांची नजर आपापल्या पानावर. आई वाढत आली. मामासमोर आल्यावर तिचा डाव हवेतच राहिला. ती रडू लागली, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने. मामाने मान वर केली नाही. स्कोन्वोल्जेरे मी शिकले ते त्या पंगतीत.

"वाड गे ताका," बाबा म्हणाले. "सकाळसून उपाशी आसा तो."

आईने भात वाढला. मामाच्या पानात जागा उरली नाही तरी ती वाढतच राहिली, आणि त्याने पुरे म्हटलं नाही.