मंजूचे तीन कॅट आणि माझा एकच

राम राम मंडळी. मला अक्षर येत नाही. मी बोलते आणि माझी नात मंजू संगणकावर उतरवते. आज तिचीच चहाडी तिच्याच हातून करतेय.

मंजूला बंगळूरला नोकरी मिळालीय. सोमवारी उत्तर द्यायचंय. सकाळपासून ती टॅरोच्या पत्त्यांना विचारत होती, जाऊ का? एका कॅटात कोसळता बुरूज निघाला, म्हणून तिनं दुसरा कॅट काढला. तोही पटेना, मग तिसरा.

मी म्हटलं, "औंधाच्या देवीनं उजवा कौल दिला न्हाई की माणसं दुसऱ्या देवाकडं पळत्यात, तसलंच हाय तुझं."

"मग तू काढ, आजी!"

माझा एकच कॅट, तिनंच दिलेला. दोन वर्षं रोज त्यातलं एक चित्र घेऊन बसते. पुस्तिका वाचता येत नाही, मग नुसतं बघत राहते. आज आठ तलवारींमधली बाई निघाली. डोळ्यांवर पट्टी, अंगाला दोर.

मंजू रडवेली झाली. "पुस्तकात याचा अर्थ अडकणं आहे."

"पुस्तक ऱ्हाऊ दे. तिचं पाय बांधल्यात का बघ."

तिनं पत्ता खिडकीशी नेला. "नाही गं."

"मग चालंल की. पट्टी हाय, तवा जरा ठेचकाळंल."

मंजूनं पत्ता परत माझ्या कॅटात ठेवला. मग म्हणाली, "आई रडेल."

"आगं, मग ते आईला विचार की. पत्त्यांना काय ठावं?"

एवढं टाइप झालं की ती आईकडं जाणार आहे. हवं ते उत्तर येईपर्यंत कॅट बदलत तुमच्यातलं कोण बसलंय? खरं सांगा, मंजूला जरा सोबत होईल.