दुसऱ्या अंकातलं गाणं

यातला एक शब्दही आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेला नाही. नवऱ्याला ठाऊक नाही. शेजारच्या घरात राहणाऱ्या माझ्या सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्ही अनोळखी आहात म्हणून सांगावंसं वाटलं असेल — किंवा आता सांगितलं काय आणि नाही काय, आत काहीच हलत नाही, म्हणूनही असेल.

अर्जुनी मोरगावला माझं शिवणाचं दुकान आहे. लग्नाचे ब्लाउज, शाळेचे गणवेश, आणि दिवाळी झाली की नाटकांचे कपडे. आमच्या झाडीपट्टीत धान निघालं की गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते आणि मंडईला नाटक लागतं. धान काढून रिकाम्या झालेल्या बांधीत, म्हणजे शेतातच, मंडप, तीन अंक, आणि गाणी. नायिकेला गाता आलंच पाहिजे — तेही तिथंच उभं राहून, ऑर्गन-तबल्यावर, सगळ्या गावापुढं. वडसाच्या नाटक कंपन्या होळीपर्यंत अशा फिरत असतात. त्यातल्या दोन कंपन्यांचे कपडे माझ्याकडे होते. कपड्यांसोबत मीही जायचे. पडद्यामागं सुईदोरा घेऊन बसायचे. कुणाचा हूक तुटतो, कुणाचा काठ उसवतो.

हंगाम संपला की एक संस्था पुरस्कार देते. नायकाला देते, खलनायकाला देते, विनोदी नटाला देते. पण लोक थांबतात ते एकाच नावासाठी — त्या वर्षीची उत्कृष्ट गायिका अभिनेत्री कोण? आणि ते नाव आधी सांगायची सवय मला लागली. गंमत म्हणूनच. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायकांनी विचारलं, मी एक नाव घेतलं, ते खरं निघालं. दुसऱ्या वर्षी परत. तिसऱ्या वर्षी नाटकवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर माझ्याच आवाजात नाव टाकलं. तेही बरोबर. चौथ्या वर्षी एका कंपनीनं चक्क पोस्टरवर छापलं — ‘टेलरबाईंनी नाव घेतलेली गायिका’.

तुम्ही हसाल. पण मशीनवर मान मोडून बसणाऱ्या बाईला कोण ओळखतं? मला ओळखायला लागले. बसमध्ये जागा द्यायचे. “टेलरबाई, यंदा कोन?” असं विचारायचे. मला ते फार आवडायचं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं त्याच्यामागं याहून मोठं काही नव्हतं.

पाचव्या वर्षी संक्रांतीला मी रेश्माचं नाव घेतलं. नागपूरची. चार हंगाम मुरलेली, दिसायला ठसठशीत, गळाही बरा. तिच्या आसपास कुणी नव्हतं. ग्रुपवर नाव टाकून मी मोकळी झाले.

दहा दिवसांनी केशोरीला दुसऱ्या कंपनीचं नाटक होतं. त्यांची नायिका काम सोडून गेली होती आणि तिच्या जागी देवरीकडची एक नवी मुलगी घेतली होती — प्रणाली. घरी शेती, भजनी मंडळात गाऊन शिकलेली. तिचा ब्लाउज खांद्यात सैल होत होता, मी तो तिच्या अंगावरच टाचून दिला. ती घाबरलेली होती. टाचताना तिचा श्वास माझ्या हाताला लागत होता.

दुसऱ्या अंकात तिचं गाणं होतं. सासरहून परत पाठवलेली सून बापाच्या दारात उभी राहते आणि गाते, एवढाच प्रसंग. ऑर्गनवाल्यानं सूर दिला, तिनं तो घेतला आणि वर नेला — आणि तिथंच सूर धरून नुसती थांबली. शेंगदाणे खाणारी माणसं खायची थांबली. पडद्यामागं चहा गाळणारा माणूस गाळणी हातात धरून उभा राहिला. मी इतकी वर्षं नाटकं पाहते. असं मी ऐकलं नव्हतं.

मला आनंद व्हायला हवा होता, नाही का? मला पहिलं आठवलं ते माझं भाकीत. मनात आलं — मी चुकले.

त्यानंतर आठेक दिवसांनी देवरीलाच खेळ होता. प्रणालीच्या स्वतःच्या मुलखात. ती तापानं फणफणली होती, घसा पूर्ण बसलेला. मालकानं उपाय काढला. आधीच्या एका खेळात तिचं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं होतं, तेच लावायचं आणि तिनं ओठ हलवायचे. तिनं नाही म्हणून पाहिलं. तिकिटं गेली होती, कोण ऐकतो? ओठ हलवून ती आत आली आणि माझ्याजवळ कपड्यांच्या गाठोड्यावर बसून रडली.

“टेलरबाई, कोनाले सांगजा नोका. माये गावचे लोक बसले हायेत समोर.”

“मी कायले सांगू बाप्पा?” मी म्हणाले. तिच्या डोक्यावरून हातही फिरवला.

तेव्हा मी खरंच सांगणार नव्हते. की होते? आठवून बघते, पण तिथं काही सापडत नाही.

हंगाम संपत आला. पुरस्काराच्या तीन परीक्षकांपैकी एक गुरुजी आमच्याच तालुक्यातले होते. संगीताचे निवृत्त शिक्षक, त्यांच्या शब्दाला वजन. एका दुपारी ते बंडी सैल करून घ्यायला दुकानात आले. मी माप घेत होते. आपणहून बोलले.

“तुम्ही रेश्माचं नाव घेतलं म्हणे. पन ते देवरीची पोरगी... तिले मी तीनदा ऐकलं. तिसऱ्या वेळेस डोळ्यात पानी आलं, खोटं कायले बोलू?”

माझ्या हातात टेप होता. दुकानात आम्ही दोघंच. मी त्यांच्या पाठीमागं होते, त्यांना माझा चेहरा दिसत नव्हता. मी म्हणाले —

“तीनदा तिले ऐकलं, गुरुजी, का मोबाइलले?”

ते वळले. “म्हंजे?”

“पडद्यामागचं मले दिसते. दुसऱ्या अंकातलं गानं ते कधीच गात नाई. वाजवतेत.”

बस. एवढंच. एकदा घडलेल्या गोष्टीला मी ‘कधीच’ हा शब्द लावला. रागानं नाही, जिभेवरून निसटलं असंही नाही. टेप गुंडाळून ठेवला, मापं वहीत लिहिली — छाती, खांदा, उंची — आणि बंडी शनिवारी मिळेल असं सांगितलं. गुरुजींनी मला पुन्हा काही विचारलं नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. इतकी वर्षं पडद्यामागं बसणारी बाई खोटं कशाला बोलेल?

सोहळ्याला प्रणाली माझ्या शेजारी बसली होती. मीच शिवलेला पोपटी ब्लाउज घालून, आईला घेऊन आलेली. तिला कुणीतरी सांगितलं होतं की यंदा तूच. गुरुजी माइकवर आले. म्हणाले, हा पुरस्कार रंगमंचावर प्रत्यक्ष गाणाऱ्या कलावंताचा आहे, यंत्राच्या आवाजाचा नाही. आणि मग रेश्माचं नाव घेतलं. ‘यंत्राचा’ म्हणताना त्यांनी कुणाकडं पाहिलं नाही. पण पुढच्या रांगांतल्या माना वळल्या. देवरीच्या खेळाची कुणकुण एक-दोघांना असणारच, आता तिला अर्थ आला.

प्रणालीनं टाळ्या वाजवल्या. मग हात मांडीवर ठेवले. माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, “कोनी सांगितलं असंल?”

मी म्हणाले, “लोकाइचं काय, काईबी बोलतेत.”

त्या दिवशी मला पेढे मिळाले. पाच वर्षं, पाच नावं, एकही चूक नाही. पेढा खाल्ला, गोड लागला. मला वाईट वाटलं असं सांगायला हवं ना? तसं काही झालं नाही. काहीच वाटलं नाही.

पुढच्या हंगामात नाटक ठरवायला येणारी गावोगावची मंडळी मालकाला आधी विचारू लागली — गाणारी बाई खरी आहे ना? मालकानं तिला काढलं नाही, पण तो वैतागला. एका गावात तर मंडळाच्या लोकांनी तिला भर दुपारी चावडीपुढं उभं केलं आणि वाजंत्रीशिवाय गायला लावलं, खात्री करायला. ती गायली. खरीच निघाली. तरी त्याच रात्रीच्या खेळाला, दुसऱ्या अंकात, तिनं सूर लावला आणि मागून कुणीतरी ओरडलं, “अबे, मोबाइल बंद करा!” मंडप हसला. एवढा मोठा मंडप एकदम हसतो तेव्हा कसा आवाज होतो ते तुम्ही ऐकलं नसेल. तिचा सूर तुटला. पुन्हा लावायला गेली, पुन्हा तुटला. ऑर्गनवाला एकटाच वाजवत राहिला. ती गाणं अर्धं सोडून आत आली आणि माझ्यासमोरून गेली.

मी तिथंच होते. पाच-सहा पावलांवर माइक होता. पडदा बाजूला करून ‘मी खोटं बोलले’ म्हणायला किती वेळ लागतो? मी दात लावून दोरा तोडला आणि सुई पिनकुशनला टोचून ठेवली.

हंगामाच्या मधेच ती घरी निघून गेली. परत आली नाही. कंपनीनं दुसरी मुलगी घेतली, मी तिच्या मापाचे कपडे केले. दोन वर्षांनी प्रणालीची आई कापड घेऊन दुकानात आली होती. सांगत होती — लग्न झालं, जावई चांगला आहे, शेती आहे. पण धानाच्या रोवणीला बाया गाणी म्हणतात तेव्हा ही तोंड उघडत नाही. बारशाला बायकांनी आग्रह केला तर हसून म्हणाली, माहा आवाज मशीनचा हाय, लाइट नसंल तर निंगत नाई. आईला तो विनोद वाटला होता. सांगताना तीही हसली. मी कापड मोजून घेतलं.

मागच्या वर्षी, संक्रांतीनंतर, मी देवरीजवळ तिच्या सासरी गेले. तिला सांगायला म्हणूनच गेले — घरी सांगितलं की लेस आणायची आहे. बस, मग अर्धा तास पायी. ती अंगणात लाखोरीच्या शेंगा झोडत होती. मला पाहून काठी टाकून धावत आली, पाया पडली. पाट दिला, चहा केला. अंगानं भरली आहे, केसांत एक-दोन पांढरे. मुलगी शाळेत गेली होती. बरंच बोलली — धानाचं, नणंदेचं, कंपनीतल्या कोण कोण कुठं आहेत त्याचं. मी हो-हो म्हणत होते. वाक्य तयार होतं. बसमध्ये मनातल्या मनात म्हणून पाहिलं होतं.

“मायं एक काम होतं तुयाजवळ,” मी म्हणाले.

“बोला न, टेलरबाई.”

मी चहाचा कप खाली ठेवला. तेवढ्यात तिनंच विचारलं, अगदी सहज, पूर्वी बसमधले लोक विचारायचे तसं —

“आधी हे सांगा, यंदा कोन? गायिकेचा कोनाले भेटन? तुमचं त चुकतच नाई.”

ती खरंच उत्सुक होती. पदरानं घाम पुसत माझ्या तोंडाकडं बघत होती. तिच्या नजरेत दुसरं काही नव्हतं, मी नीट पाहिलं.

मी त्या वर्षीच्या मुलीचं नाव सांगितलं. ती चांगली गाते का, असं प्रणालीनं विचारलं. चांगली गाते, मी म्हणाले. मग तिनं माझं काम काय ते विचारलं. ब्लाउजचं जुनं माप हरवलं होतं, म्हणाले. ती हसली, उभी राहिली, हात बाजूला पसरले, आणि मी पिशवीतून टेप काढून तिचं माप घेतलं.

होळीनंतर पुरस्कार झाला. मी सांगितलेलीच मुलगी जिंकली. प्रणालीचा फोन आला होता, अभिनंदन करायला. मी उचलला, आणि धन्यवाद म्हणाले.