आप्पांची भिकबाळी

आमच्या घराण्यात आजवर कुणी मासा खाल्लेला नाही, आणि मासे धरणारा मी पहिला. धरून सोडून देणारा तर, माझ्या अंदाजानं, अख्ख्या जिल्ह्यात पहिला.

उद्यमनगरातल्या ज्या कारखान्यात मी कामाला होतो, तिथं एक नवं मशीन आलं आणि ते बसवून द्यायला स्कॉटलंडचा एक साहेब आला. नव्वदचं दशक सरत आलं होतं. साहेब आठवडाभर मशीनशी भांडायचा आणि सुट्टीच्या दिवशी एक लांब, लवलवती काठी घेऊन पंचगंगेवर जायचा. या काठीला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावत नाहीत. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी करतात, ती लावतात. ती इतकी हलकी असते की नुसती फेकली तर पायाशीच पडते. म्हणून जाड दोरी हवेत मागं-पुढं झुलवायची आणि तिच्या झोकानं माशी लांब पाण्यावर अलगद टेकवायची. मासा लागला की जवळ आणायचा, बघायचा आणि परत सोडायचा. मी भिडेखातर एकदा "व्हेरी नाइस" म्हणालो. जाताना साहेबानं ती काठी मला देऊन टाकली. (त्याच्या बायकोच्या फोटोलाही मी व्हेरी नाइस म्हणालो होतो. तो मात्र त्यानं बरोबर नेला.)

आम्ही लिंगायत. आमचे वडील, आप्पा, यांची शाहूपुरीत गुळाची अडत. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म आणि सोमवारचा कडक उपास. आता उद्यमनगराची साप्ताहिक सुट्टी नेमकी सोमवारी. म्हणजे बापानं महादेवासाठी उपाशी राहायचं त्याच दिवशी लेकानं मासे धरायला जायचं, अशी सोय कारखान्यानंच करून ठेवलेली. मी काठी कापडात गुंडाळून माळ्यावर टाकली.

तिथून ती खाली आली त्याला कारण आप्पाच. आव्वा, म्हणजे आमची आई, गेली त्याला वर्ष होत आलं होतं. आप्पांनी अडतीला जाणं बंद केलं होतं. कसबा बावड्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत खुर्ची टाकून ते फाटकाकडं बघत बसायचे. कुणी आलं की "बसा", कुणी उठलं की "या". यापलीकडं शब्द नाही. माझी बायको शोभा त्यांना पेपर वाचून दाखवायची, मी बाजारभाव सांगायचो. गूळ वर गेला काय आणि खाली आला काय, आप्पांचा चेहरा तोच. घरात बसून तो चेहरा बघणं मला जमेना, म्हणून एका सोमवारी मी काठी काढली. बाहेर पडायचं एक निमित्त, दुसरं काही नाही.

फाटकाशी पोचलो तोवर मागून आवाज आला.

"काय हाय ते?"

आव्वा गेल्यापासून आप्पांनी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न. मी खरं ते सांगितलं.

"मासं?" आप्पा म्हणाले. "खानार हाईस?"

"न्हाय. सोडून देनार."

आप्पांनी काठी खालपासून वरपर्यंत न्याहाळली. "सोडून द्यायचा हाय तर धरतोस कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर साहेबानं मला सांगितलं नव्हतं. आप्पा उठले, टोपी घातली, चपला पायात सरकवल्या.

"चल. मी येतो. सोडतोस का न्हाय ते बघतो."

अशा रीतीनं आमचे आप्पा वर्षभरानं घराबाहेर पडले, माझ्यावर नजर ठेवायला.

बावड्याच्या बंधाऱ्यापासून थोडं वर, नदीवर वाकलेलं एक उंबराचं झाड होतं. पिकलेली उंबरं टपटप पाण्यात पडायची आणि ती खायला खाली मासे जमायचे. रोहू, कटला, तळाशी मिशा हलवत फिरणारे मागूर. माझ्या साहेबी माश्यांकडं त्यांतला एकही ढुंकून बघेना. दोन-तीन सोमवार असेच गेल्यावर मला युक्ती सुचली. माशी कशाला, उंबरच करू. शोभाच्या लोकरीच्या पेटीतली लाल लोकर घेतली, वर साडीच्या काठातली सोनेरी जर गुंडाळली. वजनाला काहीतरी हवं होतं, म्हणून तिच्या दागिन्यांच्या डबीत सापडलेला एक सुटा मोती ओवला. लाल गोंडा, सोनेरी तार, टपोरा मोती. उंबर काही तो दिसत नव्हता, पण देखणा झाला होता.

आणि त्याला मासा लागला. हातभर रोहू. काठी धनुष्यासारखी वाकली, मी गुडघाभर पाण्यात, आणि आप्पा धोतर खोचून माझ्या शेजारी. "हळू. हळू रं. त्याला लागंल." मी गळ सोडवला, आणि मासा आप्पांनी दोन्ही हातांनी पाण्यात धरला. तो कल्ले हलवत काही क्षण त्यांच्या ओंजळीत थांबला, मग शेपटी मारून गेला. "जा बाळा," आप्पा म्हणाले. हात पाण्यातच ठेवून ते कितीतरी वेळ तसेच वाकलेले राहिले. संध्याकाळी उपास सोडताना त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला. शोभानं माझ्याकडं बघितलं आणि भात वाढून पटकन आत निघून गेली.

त्यापुढच्या सोमवारी घडलं ते असं.

उंबराखाली भला मोठा मागूर वर आला होता. काळं रुंद डोकं, लांब मिशा. साहेबानं शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे, झोका देण्याआधी मागं वळून बघायचं. मागूर बघितल्यावर मला साहेबही आठवला नाही आणि मागंही आठवलं नाही. मी दोरी मागं टाकली, पुढं ओढली, आणि ती अडकली. मागं बाभळी होत्या. बाभळीत अडकली असणार म्हणून मी डोळे मागुरावर ठेवून एक हिसका दिला. सुटली नाही. दुसरा दिला.

"शिवा," मागून शांत आवाज आला, "झाड न्हवं. मी हाय."

गळ आप्पांच्या उजव्या कानाच्या वरच्या पाळीत घुसला होता. या गळाला उलटा काटा असतो, आत गेला की मागं येत नाही. मी दोरा दातांनी तोडला, आप्पांना स्कूटरवर बसवलं आणि दवाखाना गाठला. डॉक्टर अजून यायचे होते. तिथं चारचौघांत बसण्यापेक्षा घरी जाऊन थांबू, असं आप्पाच म्हणाले. कान दुखत होता, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही. वाटेत मी चारदा माफी मागितली. "रस्त्याकडं बघ," एवढंच ते म्हणाले.

घरी पोचलो तर पुढच्या खोलीत, आप्पांच्याच खुर्चीत, मुरगूडचे बसवंतअण्णा बसलेले. हे आप्पांचे व्याही, माझ्या बहिणीचे सासरे. गल्लीत कुणी सुकट भाजली म्हणून आठवडाभर मळ्यातल्या घरात जाऊन राहणारा माणूस. नातवाच्या गळ्यात लिंग बांधायचं होतं, त्या लिंगधारणेचं आवतान घेऊन ते स्वतः आले होते, आणि पूजेच्या वेळी बाळ आप्पांच्या मांडीवर द्यायचं असं त्यांनी ठरवलं होतं. माझी बहीण त्या घरात नांदत होती. आपल्या सुनेच्या माहेरी मासे धरतात हे त्यांना कळलं तर पुढं काय होईल, ते मला नीट दिसत होतं.

"या, पावणं," आप्पा म्हणाले आणि डावा कान पुढं करून बसले.

पाच मिनिटं ठीक गेली. मग बसवंतअण्णांना उकडायला लागलं आणि ते पंख्याखाली, पलीकडच्या बाजूला येऊन बसले.

"अरे वा," ते म्हणाले. "भिकबाळी घातली?"

मी कानाकडं बघितलं. लाल, सोनेरी, वर मोती. जुन्या घराण्यांतले पुरुष कानाच्या वरच्या पाळीत घालतात ती भिकबाळी अशीच असते. आप्पा माझ्याकडं बघू लागले. जन्मभर गुळाच्या धंद्यात राहून खोटं न बोललेला माणूस. त्यांच्या वतीनं मी बोललो.

"व्हय. हुपरीची हाय. नवा नमुना."

"ह्या वयात?"

"डॉक्टर म्हनालं," मी सांगितलं (कारण डोक्यात त्या वेळी डॉक्टरच होते). "तिथली नस दाबली की मन लागतंय म्हनं."

बसवंतअण्णा पुढं सरकले. "गुडघ्याला चालतंय का?"

"इचारायला पायजे."

"इचारा की. आनि मला बी एक सांगा. हुपरी तर तुमची सासुरवाडीच हाय."

एवढ्यात शोभा चहा घेऊन आली. हुपरीच्या चांदीकाम करणाऱ्या घरातली मुलगी ती. कुठलाही दागिना दिसला की आधी त्याची घडण बघणार, मग माणूस.

"आप्पा," ती म्हणाली, "ह्यो माझा मोती हाय."

आप्पांनी हात कानाकडं नेला आणि मधेच खाली घेतला.

"माझ्या माळंचा हाय. सारं घर उलटंपालटं करून मी हुडकायला लागलोय."

बसवंतअण्णांनी कप खाली ठेवला. "म्हंजे सुनंचा मोती काढून सासऱ्यानं कानात घातला?"

"तसं न्हवं," मी म्हणालो.

"मग कसं?"

तोवर आप्पांचा कान सुजून पिकल्या उंबरासारखा झाला होता. बसवंतअण्णांनी चष्मा लावला, घडण नीट बघायला वाकले आणि दोन बोटांच्या चिमटीत ती भिकबाळी धरून फिरवली. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"पावणं, सोडा," ते म्हणाले. "भिकबाळी न्हाय ती. गळ हाय. मासं धरायचा."

"मासं?"

"व्हय. ह्यो धरतोय, सोमवारचं."

"सोमवारचं," बसवंतअण्णा हळूच म्हणाले. "आनि तुम्ही?"

"मी संगं जातोय. सोडतोय का न्हाय ते बघायला." आप्पांनी कानाकडं बोट केलं. "आज मलाच धरलं."

पुढं ते बोलायला गेले आणि त्यांच्या घशातून खोकल्यासारखा आवाज आला. शोभा पाणी आणायला वळली. पण तो खोकला नव्हता. आप्पा हसत होते. "बाभळ समजून ओढालता," ते सांगायला लागले. "दोनदा ओढलं. मी म्हनलं, झाड न्हवं रं..." आणि पुढचं हसण्यात बुडालं. पोट धरून, टोपी हातात घेऊन, डोळे पुसत हसत होते. हे हसणं त्या घरात आव्वाच्या वेळी असायचं. ती काहीतरी तिरकस बोलायची आणि आप्पा असेच कोलमडायचे. शोभा तांब्या घेऊन दारातच थांबली. बहिणीच्या संसाराचं काय होणार हा विचार त्या क्षणी डोक्यातून पार गेला.

बसवंतअण्णा हसले नाहीत. ते आप्पांकडं एकटक बघत राहिले. आव्वाच्या दिवसांना तेही आले होते आणि त्यानंतरचे आप्पाही त्यांनी बघितले होते. मग त्यांनी मला विचारलं, "आजवर किती सोडलं?"

"एक."

"आनि धरलं किती?"

"एकच."

त्यांनी मान हलवली, उरलेला चहा संपवला आणि टोपी घातली. "चला. डॉक्टरकडं जाऊ."

स्कूटरवर आम्ही तिघं गेलो. पुढं मी, मधे आप्पा, मागं आप्पांचा खांदा घट्ट धरून बसवंतअण्णा. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? मी तोंड उघडायच्या आत बसवंतअण्णा म्हणाले, "पोरानं बापाला गळ लावलाय. तेवढा सोडवून द्या." डॉक्टरांनी कान बधिर करून गळाचं टोक पलीकडं काढलं, उलटा काटा चिमट्यानं तोडला आणि उरलेला गळ मागं ओढून घेतला. आप्पांना धनुर्वाताचं इंजेक्शन मिळालं. शोभाला तिचा मोती मिळाला. तो तिनं पुन्हा माळेत ओवला नाही, ते मी समजू शकतो.

त्याच आठवड्यात आप्पा अडतीवर गेले. कानाला पट्टी बघून जो तो विचारायचा आणि ते सगळ्यांना सगळं सांगायचे. रोज थोडं वाढवून. पुढं पुढं त्यांच्या सांगण्यात मी त्यांना नदीपर्यंत ओढत नेलेलं असायचं. ऐकायला माणसं जमायची, चहा यायचा, आणि चहाच्या जोडीनं थोडा गूळही विकला जायचा. सोमवारी मी काठी काढली की ते म्हणायचे, "तू जा. मला येळ न्हाय." त्यानंतर काही वर्षं मी एकटाच जात राहिलो, चार-दोन मागूर धरले आणि सोडले. पण "हळू रं" म्हणायला शेजारी कुणी नसलं की त्यात तितका जीव रमत नाही.

मुरगूडची लिंगधारणा ठरल्याप्रमाणं झाली. बाळ आप्पांच्याच मांडीवर होतं. बसवंतअण्णांनी मासे धरण्याबद्दल मला एक शब्दही ऐकवला नाही. फक्त भरल्या मांडवात माझी ओळख करून देताना म्हणाले, "हे आमच्या सुनेचे भाऊ. स्वभावानं गरीब हाईत. तेवढं मागं कुनी हुबं ऱ्हाऊ नका."

झालं. माझ्या मागची माणसं उठून पुढं गेली. पंगतीत माझ्या पाठीशी कुणी पाट मांडेना. फोटोच्या वेळी सगळ्या पाव्हण्यारावळ्यांनी एकमतानं मला शेवटच्या रांगेत, भिंतीला चिकटवून उभं केलं. तेव्हापासून दोन्ही घरांच्या प्रत्येक कार्यात माझी जागा तीच. आमचे अल्बम उघडले तर सगळ्यात मागं, भिंतीला पाठ लावून, दोन डोक्यांच्या फटीतून एक कपाळ आणि एक डोळा दिसतो. तो मी. पप्पा मागं का, असं पोरं विचारतात, तेव्हा मी सांगतो, उंच माणसांना मागं उभं करतात.

माझी उंची पाच फूट दोन इंच आहे.