हिरॉईनकाकू

"हाउसफुल्ल!" लिफ्टचं दार उघडलं की काकू आधी हे सांगायच्या, मग आत यायच्या. मागोमाग काका, हिरमुसलेले. रोज संध्याकाळी दोघं सिनेमाला म्हणून निघायचे आणि फाटकापर्यंत जाऊन परत यायचे. त्यांचं ते थिएटर पाडून तिथं मॉल झाल्यालाही वर्षं लोटली होती.

काकूंना तुम्ही एकदा पाहिलं असतं तर विसरला नसता. डोक्यावर खोट्या केसांचा वीतभर उंच अंबाडा, पापण्यांवर कानाकडे ओढलेली काजळाची रेघ, बिनबाह्यांचा ब्लाउज, मोठाल्या फुलांची नायलॉनची साडी. सगळा थाट सत्तरच्या दशकातला आणि वयही सत्तरीच्या पुढचं. आमच्या यशवंतपूरच्या अपार्टमेंटचा कानडी वॉचमन हसून विचारायचा, "शूटिंग एल्ली, अक्का?"

"ऊटीला! सरी सरी, पुरे, गेट उघड," काकू ऐटीत सांगायच्या.

बायका आपसांत त्यांना हिरॉईनकाकू म्हणत. मीही म्हणे. नाव बसलंच होतं त्यांना. मला वाटायचं, हौस आहे बाईला. कोणी जुनी गाणी धरून बसतं, कोणी कल्ले आणि बेलबॉटम, तसंच हे.

मग एकदा त्यांना ताप आला. मी पेज घेऊन गेले तर काका दारातच ओरडत होते, "ही म्हातारी कोण घुसली घरात? हिला बाहेर काढा. माझी बायको येईल एवढ्यात!"

आत काकू पलंगावर बसल्या होत्या. विरळ पांढरे केस मोकळे, अंगात विटका गाऊन. मी त्यांना प्रथमच असं पाहिलं.

"आरसा दे गं जरा," त्या म्हणाल्या. तापातच काजळाची रेघ दोनदा पुसून पुन्हा काढली. अंबाडा मी बसवला. साडी नेसून त्या बाहेर आल्या तसा काकांचा चेहरा उजळला. "आलीस? किती वाट बघायची माणसानं!"

काकांची आठवण लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांत अडकली होती. सांगलीहून नोकरीला आलेले, कारखान्याची क्वार्टर, दर रविवारी सिनेमा. काकू तशाच दिसल्या तरच ते त्यांना ओळखायचे. तसले ब्लाउज शिवायला त्यांनी चामराजपेटेत एक म्हातारा शिंपी हुडकून काढला होता. "माझं काय जातंय," त्या म्हणायच्या, "स्वल्प काजळ आणि चार पिना."

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी काकू नटूनथटून बाहेर आल्या आणि काका अदबीनं उठून उभे राहिले. "बसा ताई. आपण कोणाकडे आलात?"

दुपारी काकू माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या. रडल्या नाहीत. "आणखी मागं गेले गं. मला बघायला आले होते ना, त्याच्याही आधी. आता मी कुठली साडी नेसू?"

मी चहा ठेवला.

त्यानंतर काका आईला हाका मारू लागले. खाईनात, झोपेनात. शेवटी काकूंनी ट्रंकेतून सासूबाईंचं नऊवारी लुगडं काढलं. त्यांना ते नेसता येत नव्हतं, मलाही नेसवता येत नव्हतं. मोबाइलवर बघत, चुकत, हसत कसाबसा काष्टा घातला. मग अंबाडा त्यांनी स्वतःच उतरवला, खोबरेल तेलानं काजळ पुसलं आणि पांढरे केस चापून मागं बांधले. तेव्हा कोणी हसलं नाही.

काकांनी त्यांना पाहताच पदर धरला. "आई, कुठं गेली होतीस?"

काकूंनी त्यांना दहीभात भरवला. सगळा खाल्ला त्यांनी. त्यांचं तोंड पुसता पुसता काकू जरा थांबल्या. "काय रे, तुझं लग्न करूया का? छान मुलगी आहे एक."

काकांनी पदर आणखी घट्ट धरला. "नको. मला बायको नको. मी तुझ्यापाशीच राहणार."

"बरं," काकू म्हणाल्या. "नाही करायचं."