गाठीची कड

लातूरच्या भूकंपाला वीसेक वर्षं उलटली होती तेव्हा, नांदेडच्या एका खासगी स्कॅन सेंटरच्या दारात, मी माझ्या थोरल्या बहिणीशी खोटं बोललो. मग आत जाऊन डॉक्टरांशीही. घरात हे कुणाला माहीत नाही — तुम्हालाच पहिल्यांदा सांगतोय.

अक्का लातूरला एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायची. भूकंपानंतर आमची गल्ली मैदानात पालं टाकून राहिली, तेव्हा मला झोप लागायची ती तिच्या आवाजानं. शेजारच्या पालात ती पोरींना पेशीची रचना समजावत असायची — आणि खालची जमीन हळूहळू स्थिर झाल्यासारखी वाटायची. पुढे क्लास वाढले, बॅचेस वाढल्या. माईक तिनं कधी घेतला नाही.

मग शिकवताना मधेच एखादा शब्द तिला सापडेना. मेंदूत डाव्या बाजूला गाठ निघाली. ऑपरेशनआधी एक वेगळा एमआरआय करायचा होता — मेंदू कामात असतानाचा. समोर अक्षर दिसलं की त्यावरून शब्द आठवायचे, ओठ न हलवता. मेंदूचा जो भाग कामाला लागतो, तो चित्रात रंगीत उमटतो.

ती बाहेर आली ती झोपेतून चालत आल्यासारखी.

“लई ठोकत होती रे ती मशीन,” म्हणाली. “‘क’ दिसला. कवक, कणा, केंद्रक — अन् मग नुसतं कारलंच. पोरींना सांगू नको.”

ऑपरेशन करणारे डॉक्टर तिथंच आले होते; त्यांनी मला एकट्यालाच आत बोलावलं. नातेवाइकांना बोलावतात तसं. पडद्यावर करडा मेंदू, धुक्यातल्या गावासारखा, आणि त्यात एक केशरी ठिपका — गाठीच्या कडेला चिकटलेला. तिचं बोलणं तिथून येत होतं. कड काढली तर वाचा जाऊ शकते; ठेवली तर गाठ लवकर वाढू शकते. तिला विचारून सांगा, म्हणाले.

बाहेर ती दारातल्या बाकावर बसली होती.

“बाळू, माझं बोलणं राहील न्हवं? तू पेपरात बातम्या लिहितोस, नीट विचारलंस ना?”

“बोलण्याच्या जागेपासून गाठ लांब आहे, अक्का.”

का म्हणालो? तिला घाबरवायचं नव्हतं — असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. पण ती ‘कड ठेवा’ म्हणेल हे मला माहीत होतं, आणि मला ती जिवंत हवी होती. मग विचारायचं कशाला? आत जाऊन सांगितलं — ती म्हणतेय, सगळी काढा. बातमीत मी कधी कुणाच्या तोंडी न बोललेलं वाक्य घातलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर अक्कानं माझ्याकडे बघून तोंड उघडलं. बराच वेळ तसंच उघडं राहिलं.

नंतरच्या तपासण्यांत गाठ परत आलेली नाही. अक्का माझ्याकडे राहते. तिला सगळं समजतं; हो-नाही मान हलवून सांगते. तेव्हा तिनं काय निवडलं असतं, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.