माझा बाप घसरला नाही

"इज युअर फादर अ कोकोनट?"

मॅडमनी विचारलं आणि अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. मी उभी. फळ्यावर 'पडणे' या अर्थाचे इंग्रजी शब्द लिहिलेले. फॉल, ड्रॉप, स्लिप, कोलॅप्स. एकेक शब्द घेऊन वाक्य करायचं होतं. मी म्हटलं होतं, "माय फादर ड्रॉप्ड फ्रॉम द कोकोनट ट्री." आमच्याकडे नारळ पडतो, पाऊस पडतो, माणूसही पडतो. एकाच शब्दात भागतं. इंग्रजीत तसं चालत नाही, ड्रॉप होतो तो नारळ, माणूस नव्हे, हे गोव्यातल्या पार्से गावच्या मराठी शाळेतून कॉलेजात आलेल्या मला कोण सांगणार होतं?

माझ्या बाकावरची मैत्रीणही हसली. माझ्याच गावची. माझा बाप पाडेली, लोकांच्या माडांवर चढून नारळ पाडणारा, हे तिला ठाऊक. माडावरून पडून तो कायमचा घरी बसला, हेही ठाऊक. तरी हसली. संध्याकाळी बसमध्ये ती दुसऱ्या मुलींत जाऊन बसली. मॅडमपेक्षा ते जास्त लागलं.

घरी बाबा सोप्यावर, बाहेरच्या ओसरीत, होते. कमरेखाली त्यांना काही कळत नाही. मी आले की रोज विचारतात, "काय शिकलंय गो बाय आज?"

"कायच नाय," मी म्हटलं. आणखी काय सांगणार? त्यांच्यावरच तर हसले होते सगळे.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पुन्हा मलाच उठवलं. आवाज गोड. "से, हिज फूट स्लिप्ड." पाय घसरला, असं म्हण. हे बरोबर वाक्य.

घसरला! माझ्या अंगाची लाही लाही झाली. हा तर भाटकाराचा शब्द. ज्याच्या बागेत तो माड होता, त्या जमीनदाराचा. माड शेंड्याला किडला होता. बाबांनी खालूनच सांगितलं होतं, "भाटकारानूं, हो माड चडपासारको ना." माड चढण्यासारखा नाही.

"चड रे, भियेता कित्याक?" भाटकार म्हणाला. चढ, घाबरतोस कशाला? घरी पाहुणे आले होते, त्यांना शहाळी हवी होती. बाबा चढले. शेंडा मोडला आणि बाबा त्याच्यासकट खाली आले. आई धावत पोचली तेव्हा भाटकाराचा गडी शहाळी गोळा करत होता. आधी शहाळी. मग माझा बाप. आणि भाटकाराने गावभर सांगितलं, "पांय निसरलो ताचो." पाय घसरला. म्हणजे चूक बापाच्या पायाची. भाटकार नामानिराळा.

मी म्हटलं, "नो."

"व्हॉट?"

मग मी मराठीतच बोलले. "माझा बाप घसरला नाही. किडलेल्या माडावर त्याला चढवलं. माड मोडला."

"इन इंग्लिश, प्लीज."

"तेवढं इंग्रजी मला येत नाही अजून. पण खोटं वाक्य मी म्हणणार नाही."

या वेळी कुणी हसलं नाही. कुणी माझ्याकडे बघितलंही नाही. मैत्रीण वहीत डोकं खुपसून बसली. "सिट," मॅडम म्हणाल्या. मी बसले नाही. रडू येत होतं. तास संपेपर्यंत तशीच उभी राहिले. पाठीवर हात ठेवायला कुणी आलं नाही.

तेव्हापासून बाकावर मी एकटी. बसमध्येही एकटी. सवय झाली म्हणणार नाही. अजून लागतं, आणि चांगलंच लागतं. पण इंग्रजी सोडलेलं नाही. मॅडमनी शाबासकी द्यावी म्हणून तर मुळीच नाही. फळ्यावरचा प्रत्येक शब्द मी शिकणार, कुठला कुठे लागतो ते नीट समजून घेणार. मग बाबांच्या पडण्याचं वाक्य मीच लिहिणार. ते बाबांच्या पायापासून सुरू होणार नाही. ते भाटकाराच्या नावापासून सुरू होईल.