तो घोटा
दुखण्यावरच्या मलमाचा वास आला की मला अमेरिकेतल्या नोव्हाय गावातल्या एका काकांचं बेसमेंट आठवतं. प्रत्येकाने एकेक पदार्थ आणलेलं पॉटलकचं जेवण आटोपून रिटायर्ड काकामंडळी जुन्या कबड्डीपटूंच्या आठवणींत रंगली होती. एका कोपरारक्षकाचा विषय निघताच ते काका मांडी थोपटत म्हणाले, “काय पकड होती यार! फायनलला एकाचा घोटा असा धरला, हाड मोडल्याचा आवाज मागच्या रांगेत ऐकू आला!” सगळे खदखदून हसले. भारतातून आलेले माझे बाबा पायाला मलम चोळत हळूच म्हणाले, “तो घोटा हाच.” काका हरखलेच. “खुद्द त्यांनी धरलं तुम्हाला? लकी आहात हो!” मग प्रत्येकाने त्या घोट्याचा फोटो काढला. गेल्या महिन्यात बाबा गेले, तेव्हा काकांनी श्रद्धांजली म्हणून ग्रुपवर तोच फोटो टाकला. चेहरा त्यात नव्हताच.